घोंगड्यातला ट्रम्पेट

पुसलं की नाहीसं होतं आणि न पुसता ठेवलं की दिसायला लागतं, असं काय असेल?

मुरगूडच्या कार्तिकी वायदंडेला हे कोडं कुणी घातलं नव्हतं. मूठभर चिंच आणि चमचाभर मीठ घेऊन ते तिनं स्वतःच स्वतःवर ओढवून घेतलं. साल होतं २०६१, दिवस खंडेनवमीचा आदला, आणि सकाळचे नऊ वाजले होते.

खंडेनवमीला ज्याचं त्याचं हत्यार घासूनपुसून पाटावर मांडायचं आणि त्याची पूजा करायची, ही आपली जुनी रीत. सुताराची करवत, शिंप्याची कात्री, आणि अलीकडे तर शेतावर औषध फवारणारे ड्रोनसुद्धा झेंडूची माळ घालून शहाण्यासारखे पाटावर बसतात. वायदंड्यांच्या घरी चार पिढ्यांचा बँड. त्यामुळे त्यांच्या पाटावर ढोल, ताशा, क्लॅरिओनेट आणि मधोमध आबांचा पितळी ट्रम्पेट.

आबा म्हणजे कार्तिकीचे आजोबा, हिंदुराव वायदंडे. वय चौऱ्याहत्तर, मिशा पांढऱ्या, आवाज खणखणीत. वाजवण्याआधी एकदा आणि वाजवून झाल्यावर एकदा सदऱ्याच्या बाहीनं ट्रम्पेटचा कर्णा (ट्रम्पेटचं पुढचं, धोतऱ्याच्या फुलासारखं उमललेलं तोंड) खसाखसा पुसायचा, ही त्यांची जन्माची खोड. त्यांच्या एकूण एक सदऱ्यांची उजवी बाही काळी. त्यापायी ते कार्तिकीच्या आईची बोलणी खायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहीनंच पुसायचे.

पण गेलं दीड वर्ष ही खोड बंद होती. आबांच्या फुप्फुसाचं ऑपरेशन झालं आणि फुंकायला सक्त मनाई झाली. आबांनी ट्रम्पेट आपल्या धनगरी घोंगड्यात गुंडाळला, लहान लेकराला झोपवावं तसा कपाटात ठेवला आणि दार लावून घेतलं. आता या आठवड्यात डॉक्टरांनी परवानगी दिली होती. उद्या पूजा झाली की आबा दीड वर्षानं पहिल्यांदा वाजवणार होते. सकाळी त्यांनी घोंगडं उलगडलं, तर आत ट्रम्पेट तव्याच्या बुडासारखा काळा!

"आलो फुलं घिऊन," आबा एवढंच म्हणाले. "मग घासतो." आणि पिशवी घेऊन बाजारात गेले. त्यांचा चेहरा पडलेला कार्तिकीनं पाहिला. आबा यायच्या आत ट्रम्पेट लखलखीत करून ठेवायचा, असं तिनं ठरवलं.

चिंच काढायला ती फडताळाशी गेली. फडताळात घरातली पितळी भांडी ओळीनं मांडलेली होती आणि प्रत्येकावर नाव होतं. बारसं असो की लग्न, भांडं घेतलं की दुकानातच छोट्या छिन्नीनं टकटक टकटक करत त्यावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उमटवून घ्यायची, 'अमक्यास तमक्याकडून.' कार्तिकीच्या पेल्यावर होतं, 'चि. कार्तिकी हिस मामाकडून.' तिच्या बाबांचा तांब्या होता, आत्याची परात होती. फक्त आबांच्या नावाचं एकही भांडं त्या घरात नव्हतं.

तिनं एकदा विचारलंही होतं. आबा हसून म्हणाले होते, "माझं नाव घालाय कोण हुतं गं?" त्यांची आई, हौसाबाई, ते दीड वर्षाचे असतानाच गेली. तिचा फोटो नाही, तिच्या हातची एखादी वस्तू नाही, तिचा आवाज कसा होता हे सांगणारंही आता कुणी उरलं नाही. एवढं सांगून आबा उठले आणि स्वच्छच असलेला ट्रम्पेट उगाच पुसत बसले. कार्तिकी ते विसरली नव्हती.

तिनं चिंच भिजवली, मीठ घातलं आणि नारळाच्या शेंडीनं कर्णा घासायला घेतला. चिंचेपुढं काळेपणाचं काही चालेना. बघता बघता अर्धा कर्णा सोन्यासारखा पिवळा झाला. कार्तिकी खुशीत गाणं म्हणत उरलेल्या अर्ध्याकडं वळली आणि तिचा हात जागच्या जागी थांबला.

काळ्यामध्ये आणखी काळं असं काहीतरी होतं. छोटे छोटे ठिपके. तिनं कर्णा उजेडाकडं धरला. ठिपक्यांची अक्षरं होती आणि ती स्पष्ट वाचता येत होती.

'कडून.'

कार्तिकी हा ट्रम्पेट जन्मापासून बघत होती. त्यावर अक्षरं? कधीच नव्हती! आणि 'कडून' म्हणजे कुणाकडून? त्याच्या आधीचे शब्द कुठं असणार, ते तिला लगेच कळलं. ती ओळ सरळ त्या लखलखीत भागात शिरत होती. तिथं आता काहीही नव्हतं. तिनं बोट फिरवलं, नख फिरवलं. सगळं गुळगुळीत.

आबा परत आले तेव्हा नात पाटाशेजारी बसून हुंदके देत होती.

"मी पुसून टाकलं, आबा! तिथं काहीतरी लिहिलेलं होतं आणि ते मीच पुसलं!"

आबांनी चष्मा लावला. कर्णा डोळ्यांजवळ नेला.

"कडून," ते हळूच म्हणाले. मग एकदम आवाज चढवून, "हां, असंल काय तरी! दुकानदाराचं नाव असंल. माझी उभी हयात हा घासण्यात गेली, तवा दिसलं न्हाई. आता दिसून काय करायचंय? आण ती चिंच. काळं वाद्य पूजेला मांडत न्हाईत."

पण चिंचेसाठी त्यांनी हात काही पुढं केला नाही. ट्रम्पेट पोटाशी धरून ते तसेच उभे राहिले. मनात एक आणि ओठावर एक असलं की आबा असेच ओरडतात, हे कार्तिकीला ठाऊक होतं.

"आबा," ती डोळे पुसत म्हणाली, "कोल्हापूरला धातुघर आहे. शाळेची सहल गेली होती. तिथं जुन्या धातूच्या वस्तू तपासतात. आज जाऊ या. उद्यापर्यंत घासू नका ना!"

"दुपारच्याला परत यायचं मग," आबा म्हणाले आणि लगेच चपला घालून दारात उभे राहिले.

निघताना कार्तिकीनं एक गोष्ट आठवणीनं केली. चिंचेचं वापरलेलं पाणी तिनं बरणीत भरून घेतलं. त्या पाण्याला हिरवट झाक आली होती, आणि प्रयोगातलं उरलेलं काहीही तपासल्याशिवाय फेकायचं नाही, असं शाळेत बाईंनी बजावलं होतं. बिनचालकाच्या बसमध्ये आबांनी ट्रम्पेट घोंगड्यात गुंडाळून मांडीवर घेतला आणि कोल्हापूर येईपर्यंत खाली ठेवला नाही.

धातुघरातल्या मुख्य शास्त्रज्ञ होत्या डॉ. नसीमा शिकलगार. साठीच्या, ठेंगण्या, कपाळावर चढवलेले दोन दोन चष्मे. त्यांनी आधी पांढरे हातमोजे चढवले आणि मगच ट्रम्पेट हातात घेतला.

"शिकलगार?" आबा म्हणाले. "म्हंजे तलवारी घासणारे?"

"तेच. आमच्या खापरपणज्यांनी तलवारी घासून घासून चकचकीत केल्या," नसीमाबाई हसल्या, "आणि मी दिवसभर लोकांना सांगते, घासू नका! घराण्याचं नाव बुडवलं बघा. काय झालं, पोरी? रडलीस होय?"

कार्तिकीनं सगळं सांगितलं. नसीमाबाईंनी तिला स्टुलावर बसवलं आणि हाक मारली, "मुंगळ्या, ये रे."

टेबलाखालून एक रोबो चढत वर आला. तळहाताएवढा, सहा पायांचा, काळा कुळकुळीत. त्याला बोलायला शिकवताना कुणीतरी जुनी क्रमिक पुस्तकं वाचायला दिली असावीत.

"सुप्रभात, आदरणीय पाहुणे," मुंगळा म्हणाला. "आपल्या बरणीतील द्रव तपासण्याची अनुज्ञा असावी."

त्यानं एक पाय चिंचेच्या पाण्यात बुडवला. "या द्रवात चिंचेचे आम्ल, मीठ, तांबे आणि जस्त आढळले."

"तांबं?" कार्तिकी चमकली. "मी तर फक्त काळा मळ काढला!"

"इथंच सगळे फसतात," नसीमाबाई म्हणाल्या. "बघ, पितळ हे संमिश्र आहे (दोन किंवा अधिक धातू एकत्र वितळवून केलेला धातू). यात तांबं आणि जस्त असतं. हवेत असतो ऑक्सिजन आणि अगदी थोडी गंधकाची संयुगं (एकापेक्षा जास्त मूलद्रव्यं जोडून बनलेले पदार्थ). ती पितळाच्या पृष्ठभागावरच्या तांब्याला चिकटतात आणि दोघांचं मिळून काळं पुट तयार होतं. म्हणजे तो काळेपणा बाहेरून येऊन बसलेला मळ नव्हे. त्यात तुमच्या ट्रम्पेटचंच तांबं आहे. चिंचेचं आम्ल ते पुट विरघळवतं, आणि त्याच्यासोबत तांबंही जातं."

"कुठं जातं?"

"तुझ्या बरणीत. म्हणून तर पाणी हिरवट झालंय."

कार्तिकीनं बरणीकडं बघितलं. आबांनी तर ती दोन्ही हातांनी उचललीच.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "मी एवढी वर्सं ह्येला पुसत न्हवतो, ह्येलाच पुसून टाकत हुतो?"

"थोडं थोडं. बाहीनं, चिंचेनं, कधी विटकरीच्या पुडीनं. सगळे हेच करतात, आणि मायेनंच करतात. मुंगळ्या, जाडी मोज."

मुंगळा कर्ण्यावर चढला आणि तुरूतुरू फिरून आला. "अक्षरांच्या जागी पत्रा इतर भागापेक्षा एका केसाच्या जाडीने पातळ आहे. या ठिकाणी विशेष कष्टपूर्वक घासले गेले आहे."

आबांनी मान खाली घातली.

"पण मग अक्षरं दिसली कशी?" कार्तिकी म्हणाली. "वरचं सगळं घासून गेलंय. खड्डेच उरले नाहीत, बोटाला काही लागत नाही. तरी काळ्यामध्ये ती आली!"

"वही आहे तुझ्याकडे? काढ. तुझं नाव लिही, चांगलं दाबून."

कार्तिकीनं दप्तरातून वही काढून नाव लिहिलं. नसीमाबाईंनी ते पान टर्रकन फाडलं, चुरगळलं आणि टोपलीत टाकलं.

"गेलं नाव. आता खालच्या पानावर काय आहे?"

"कोरं आहे." मग कार्तिकीनं पान तिरपं धरलं. "नाही, थांबा. दाबाच्या खुणा आहेत, अगदी पुसट." ती स्वतःच उठली, पेन्सिल घेतली आणि शिसं आडवं धरून पानावर हलकेच फिरवलं. करड्या रंगात तिचं नाव उमटलं. हे सगळ्या पोरांना ठाऊक असतं. परीक्षेत शेजाऱ्याच्या वहीवर कुणी कुणी करूनही बघितलेलं असतं, पण तो विषय आज नको.

"शाब्बास. आता पितळाकडं बघू." नसीमाबाईंनी पडद्यावर एक चित्र आणलं. वाकडेतिकडे तुकडे एकमेकांना चिकटून बसले होते. "पितळ आपल्याला सपाट दिसतं, पण आतून ते अशा स्फटिककणांचं बनलेलं असतं (ज्यांत अणू ठरावीक रांगांत बसलेले असतात असे बारीक तुकडे). साखरेच्या खड्यांसारखे, पण फार म्हणजे फारच लहान. आता नाव घालणारा छिन्नीवर टक् करून हातोडी मारतो. वर ठिपक्याचा खड्डा पडतो, तो आपल्याला दिसतो. पण त्या खड्ड्याखालचे कणही चेंगरतात, त्यांच्या रांगा मोडतात. ते आपल्याला दिसत नाही. पुढं कुणी घासघासून वरचा खड्डा नाहीसा केला, तरी..."

"खालच्या पानावर दाब राहतो!" कार्तिकी ओरडलीच.

"राहतो. आणि चेंगरलेले कण अस्वस्थ असतात. रांगेत नीट बसलेल्या कणांपेक्षा ते हवेशी लवकर जोडले जातात, म्हणून तिथं काळेपणा थोडा आधी आणि थोडा जास्त येतो."

"म्हणजे काळेपणा ही पेन्सिल!" कार्तिकी स्टुलावरून उतरली होती. "आबा रोज पुसायचे, म्हणून पेन्सिल कधी फिरलीच नाही. दीड वर्ष कुणी पुसलं नाही, तेव्हा ती फिरली. आणि मी... आज मी जे पुसलं..." ती थांबली. मग एकेक शब्द जपून म्हणाली, "मी पुसलं ते फक्त शिसं. दाब खाली आहे अजून!"

"आहे. तू काही घालवलेलं नाहीस, बाळ."

हे ऐकताच कार्तिकीच्या छातीवरचं ओझं असं उतरलं, की तिला एकदम भूकच लागली. नसीमाबाईंनी तिच्या हातात शेंगदाण्याचा लाडू ठेवला, कारण त्यांना मुलं ठाऊक होती.

"एक कळलं न्हाई," आबा म्हणाले. "दीड वरसात एवढा काळा? माझा भाऊबंद क्लॅरिओनेट पेटीत ठिवतो, त्येच्या चाव्या न्हाई अशा झाल्या."

"कशात ठेवला होता?"

आबांनी घोंगडं दाखवलं. नसीमाबाई खळखळून हसल्या. "लोकरीत गंधक असतं हो! तुम्ही मायेनं पांघरूण घातलंत आणि पांघरुणानं त्याला काळं केलं. पण दिव्याखाली अंधार म्हणतात, त्याच्या अगदी उलट झालं. याच अंधारात अक्षरं दिसली."

आता उरलेली अक्षरं वाचायची होती. पुन्हा काळं पडायची वाट बघायची, तर वर्ष गेलं असतं. मुंगळ्याकडं दुसरा उपाय होता. त्याच्या पोटात क्ष-किरणांचा (डोळ्यांना न दिसणारे, धातूत थोडं आत शिरू शकणारे किरण) बारीकसा झरोका होता. कणांतल्या रांगा नीट असल्या तर किरण नेटके ठिपके होऊन परततात. रांगा मोडलेल्या असल्या तर फिसकटून परततात. जिथं जिथं फिसकटले, तिथं तिथं पडद्यावर एक टिंब. धातूला ओरखडासुद्धा नाही.

"परंतु एक सूचना," मुंगळा म्हणाला. "चेंगरलेला थर फार थोडा शिल्लक आहे. आणखी दहा-बारा दसरे असेच घासल्यास मीही काही वाचू शकलो नसतो."

नसीमाबाईंनी दिलेला चहा आबांच्या हातात तसाच राहिला.

मुंगळा 'कडून'पासून निघाला आणि मागं मागं सरकू लागला. ओळ शेवटाकडून सुरुवातीकडं वाचायची होती. काम फार सावकाश. दहा मिनिटांत एक अक्षर. पडद्यावर टिंबामागून टिंब येत होतं आणि तिघांच्या माना पुढं पुढं जात होत्या.

पहिलं अक्षर जुळलं. 'ई.'

"ताईकडून असेल," कार्तिकी पुटपुटली. "नाहीतर बाईकडून."

त्याच्या आधीचं अक्षर आलं. 'आ.'

आईकडून.

आबा एकदम म्हणाले, "कुणाच्या बी आईकडून असंल. बापानं ह्यो ट्रम्पेट नवा आणला असं चुलती म्हणायची, पर खरं कुणाला म्हाईत." पण त्यांनी कार्तिकीचा हात घट्ट धरला होता.

मग 'यास' आलं. मग थोडी मोकळी जागा. मग 'व'. मग 'रा'. कार्तिकीनं श्वास रोखला. 'दु' यायला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण तिथं सर्वांत जास्त घासलेलं होतं. त्यानंतर 'हिं', आणि अगदी टोकाला दोन ठिपक्यांसारखं दिसणारं, मग नीट जुळलेलं 'चि.'

मुंगळ्यानं घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि वाचलं, "चि. हिंदुराव यास आईकडून."

आबा पडद्याजवळ गेले. आपलं नाव त्यांनी चौऱ्याहत्तर वर्षांत हजारदा वाचलं असेल, मतदारयादीत, बँडच्या फलकावर, दवाखान्याच्या कागदावर. आता ते बालवाडीतल्या पोरासारखे अक्षराअक्षरावर बोट ठेवून वाचत होते. मग मटकन खुर्चीत बसले आणि रडले. चोरून, तोंड फिरवून नाही, सरळ समोर बसून रडले. कार्तिकी त्यांना बिलगून उभी राहिली.

"माझ्या बारशाला भांडं आलंच न्हवतं," बऱ्याच वेळानं ते म्हणाले. "चुलती सांगायची. त्या वरसी बापानं ह्यो ट्रम्पेट नवा आणला, तेवढंच घरात नवं पितळ. मग तिनं काय केलं असंल? बाजारात नेऊन ह्येच्यावरच घातलं माझं नाव! वाजवणाऱ्याच्या वाद्यावर! बाप काय म्हणाला असंल तवा?"

"हो म्हणाला असेल," कार्तिकी म्हणाली. "नाहीतर नाव आलंच नसतं."

आबा ओल्या डोळ्यांनी हसले. "माझा बाप लई अबोल. ती गेल्यावर तिचं नाव बी घेतलं न्हाई कधी. पण दर दसऱ्याला ह्यो ट्रम्पेट दुसऱ्या कुणाला घासू द्यायचा न्हाई. विटकरीची पूड घिऊन एकाच जागी घासत बसायचा, तास तास. मला वाटायचं, ह्येच्यावर कसला तरी राग काढतोय. मला वाचाय येऊस्तवर तिथं काय राह्यलं न्हवतं."

"राग नव्हता हो तो," नसीमाबाई म्हणाल्या.

"न्हवता," आबा म्हणाले. "आज कळलं." मग थोड्या वेळानं, "आधी बापानं पुसलं, मागनं मी पुसलं. उद्या तर मी चिंच घिऊन बसणारच हुतो."

"पण उद्या पूजा आहे," कार्तिकीला आठवलं. "काळं वाद्य चालत नाही ना?"

"काळं आणि घाण एक नव्हे," नसीमाबाई म्हणाल्या. त्यांनी कोमट पाण्यात साबणाचे चार थेंब टाकले, मऊ सुती फडक्यानं ट्रम्पेट अलगद पुसला, कोरडा केला. धूळ गेली, बोटांचे डाग गेले. रंग तसाच राहिला. मग मेणाचा पातळ हात दिला. "मेणामुळं हवा पितळापर्यंत पोचत नाही. आता घासायचं काम नाही. हातमोजे घालून धरलात तर उत्तम, कारण घामातलं मीठही पितळाला काळं करतं. अक्षरांच्या पट्टीवर मात्र मी मेण लावलेलं नाही. तिथं हवेला तिचं काम करू दे. काही महिन्यांनी कार्तिकीनं पुसलेली अक्षरंही वर येतील, मुंगळ्याशिवाय. पुरेशी काळी झाली की या, मग त्यावरही मेण लावू, म्हणजे ती तशीच राहतील."

निघताना कार्तिकीनं विचारलं, "मॅडम, अशी किती भांडी असतील? घासून नावं गेलेली?"

"घरोघरी. घंटा, समया, तांबे, गावच्या तालमीतल्या जुन्या गदासुद्धा. मुंगळा एकटा पुरणार नाही. त्याला भावंडं करायचीत, आणि त्यांना हाकारायला माणसं लागतील."

"मी उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊ?"

"आपले स्वागत असेल," मुंगळा परस्पर म्हणाला. "केवळ येताना चिंच आणू नये."

दुसऱ्या दिवशी वायदंड्यांच्या अंगणात पाट मांडला गेला. ढोल, ताशा, क्लॅरिओनेट सगळे चकाचक. मधोमध ट्रम्पेट, अर्धा पिवळा, अर्धा काळा. ताशावाले संपतकाका पान चघळत आले आणि बघतच राहिले.

"हिंदूतात्या, ह्येला हळद अर्धीच लावली व्हय? नवरी पळून गेली का काय?"

एरवी आबांनी त्यांना असं उत्तर दिलं असतं, की पान तोंडात तसंच राहिलं असतं. आज ते नुसते हसले. ट्रम्पेट उचलून त्यांनी कर्णा संपतकाकांच्या नाकासमोर धरला.

"माझं नाव हाय ह्येच्यावर. आईनं घातलंय."

संपतकाकांना 'कडून'शिवाय काहीच दिसलं नाही. पण आबांचा चेहरा बघून त्यांनी गुपचूप पान थुंकलं, हात धुतले आणि ट्रम्पेटला नमस्कार केला.

हळदकुंकू वाहून झालं, झेंडू वाहून झाला. आबांनी श्वास भरून घेतला. पहिला सूर फाटला. दुसराही जरा चाचरला. कार्तिकीनं मुठी आवळल्या. तिसरा सूर मात्र असा सरळ निघाला, की समोरच्या छपरावरची कबुतरं भर्रकन उडाली आणि कार्तिकीची आई, बाहीवरून रोज बोलणारी, पदरानं डोळे टिपू लागली. आबांनी आरती पूर्ण वाजवली. मध्ये दोनदा थांबून दम घेतला, पण पूर्ण वाजवली.

मग ट्रम्पेट खाली घेतला आणि सवयीनं उजवी बाही वर आली.

"आबा!" कार्तिकी ओरडली.

बाही कर्ण्यापासून बोटभर अंतरावर थांबली. आबांनी तिच्याकडं बघितलं, मग बाहीकडं बघितलं आणि हात सावकाश खाली घेतला. अक्षरांच्या त्या पट्टीला त्यांनी स्पर्शसुद्धा केला नाही.

"कार्ते," ते म्हणाले, "घोंगडं आण गं माझं."

"घोंगडं? आबा, लोकरीत गंधक असतं! मॅडमनी सांगितलं ना, त्यात ठेवला की तो लवकर काळा पडतो."

"व्हय," आबा म्हणाले. "म्हणून तर मागतोय."